लहान इंजिनाचे बळ आणि त्याचा भरवसा



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय होते, इतिहास होतो, अर्थकारणही होते. त्या पंक्तीत मोटारसायकलच्या इंजिनाचा पाट मांडलेला पाहून काहींना नवल वाटले असेल. मी कामगार चळवळीवर बोलावे अशी चालकांची इच्छा होती. मी त्यांना कळविले की मी कामगारांविषयीच बोलणार आहे, परंतु त्यांच्या मागण्यांविषयी न बोलता त्यांच्या वाहनाविषयी बोलेन. मागण्यांविषयी मी वर्षभर बोलतच असतो आणि ज्यांनी ऐकावयाचे ते ऐकत नाहीत.

आपल्या जिल्ह्यात पहाटे पाचच्या सुमारास रस्त्यावर उभे राहून पाहावे. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील मँगनीजच्या खाणींकडे जाणारे, वरठीच्या पोलाद कारखान्याकडे जाणारे, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत पहिली पाळी धरणारे, तुमसरच्या राइस मिलांत पोती उचलणारे, गडेगावचे, साकोलीचे, पवनीचे. पहिल्या पाळीला वेळेवर पोचेल अशी एस. टी. सर्व गावांना नाही. म्हणून जो तो शंभर सी. सी. च्या मोटारसायकलवर निघतो. कित्येकदा एका गाडीवर दोघे, क्वचित तिघे, आणि हँडलला डबे. फाटक बंद झाले की कंत्राटी कामगाराची ती पाळी गेली, आणि पुष्कळ ठिकाणी महिन्याचा हजेरी भत्ताही त्याबरोबर गेला. तेव्हा मोटारसायकल ही त्याची चैन नव्हे. गवंड्याची थापी किंवा शिंप्याचे मशीन, तद्वत् ते त्याचे हत्यार आहे.

अशा या गाडीविषयी तरुण मुले मला एक प्रश्न नेहमी विचारतात. गाडीची ताकद वाढविता येईल काय? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुंबई-कोलकाता महामार्गावर सोळा चाकी ट्रकच्या मागे धूर खात जाणाऱ्याला, किंवा बायको, दोन मुले आणि बाजाराची पिशवी घेऊन पुलाचा चढ चढणाऱ्याला आणखी दोन घोडे हवेसे वाटले तर त्यात गैर काय? परंतु याच प्रश्नाला दुसरा अर्धा भाग जोडावयास हवा, आणि तो जोडणारे मला थोडे भेटले: वाढविलेली ताकद भरवशाची राहील काय?

मी इंजिनीअर नाही. माझी शाळा आठवीत सुटली. जे थोडेफार कळते ते वाचनालयातील पुस्तकांतून, मिस्त्र्यांच्या शेजारी बसून, आणि तीस वर्षे गावोगाव सभा घेत फिरताना रस्त्याकडेला इंजिन उघडावे लागल्यामुळे. तेव्हा जाणकारांनी जेथे माझी भाषा ओबडधोबड वाटेल तेथे ती सांभाळून घ्यावी.

प्रथम ताकद कोठून येते ते पाहू. इंजिन हा मुळात हवा ओढणारा पंप आहे. तो एक घोट हवा घेतो, तीत पेट्रोलचे बाष्प मिसळलेले असते, तो घोट दाबतो, पेटवितो आणि बाहेर टाकतो. तेव्हा ताकद वाढविण्याचे मार्ग तीनच: घोट मोठा करणे, प्रत्येक घोटातून अधिक जोर काढणे, किंवा मिनिटाला अधिक घोट घेणे. जगातले कोणतेही इंजिन घ्या, विमानाचे घ्या की फवारणी पंपाचे, चौथा मार्ग नाही.

१९८५ साली आपल्या देशात दोन मोटारसायकली आल्या. एक यामाहा आर. एक्स. १००, दुसरी हिरो होंडा सी. डी. १००. पहिलीचा घोट ९८ सी. सी., दुसरीचा ९७. पण पहिलीची ताकद ११ अश्वशक्ती आणि दुसरीची सात-साडेसात. असे का? पहिली दोन धावांची, म्हणजे टू-स्ट्रोक. तिच्यात प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो. दुसरीत दोन फेऱ्यांना एक. त्या हिशोबाने पहिलीची ताकद दुप्पट व्हावयास हवी होती, तशी ती झाली नाही, कारण टू-स्ट्रोकमध्ये पुष्कळसा घोट न जळताच बाहेर निसटतो. ते निसटलेले पेट्रोल मालकाच्या खिशातून जाते आणि धूर लोकांच्या छातीत. प्रदूषणाच्या नियमांनी पुढे तिची जात संपविली. आमच्या पिढीला तिच्या आवाजाचे वेड होते हे मी नाकारीत नाही. पण पाळीवर जाणाऱ्याने निवडली ती दुसरी गाडी, आणि आजही तिचीच वंशावळ रस्त्यावर सर्वांत जास्त दिसते.

या वंशावळीचा मूळपुरुष जपानात आहे. सोइचिरो होंडा हे लोहाराचे चिरंजीव. शिक्षण बेताचे. युद्धापूर्वी त्यांनी पिस्टनच्या रिंगा करण्याचा कारखाना काढला आणि टोयोटा कंपनीकडे ५० रिंगा तपासणीस दिल्या. त्यांतल्या ३ पसंत झाल्या. रिंगा नीट व्हाव्यात म्हणून हा कारखानदार गृहस्थ हामामात्सूच्या तंत्रशाळेत जाऊन बसला आणि धातुशास्त्र शिकला. १९५८ साली त्यांच्या कंपनीने सुपर कब नावाची लहान गाडी काढली. घोट ४९ सी. सी., ताकद साडेचार अश्वशक्ती, आणि ती मिनिटाला ९५०० फेऱ्यांवर. एवढ्याशा इंजिनातून एवढी ताकद, आणि तीही दूधवाल्याने, वाणसामान पोचविणाऱ्या पोऱ्याने रोज वापरावी अशी. पुढच्याच वर्षी, १९५९ साली, होंडाचे स्वार इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतीत प्रथमच उतरले. १२५ सी. सी. च्या वर्गात त्यांना पहिला क्रमांक मिळाला नाही. सहावा, सातवा, आठवा आणि अकरावा मिळाला. पण संघाचे पारितोषिक त्यांना मिळाले, कारण बाकीच्यांच्या गाड्या वाटेत गळाल्या आणि यांच्या शेवटपर्यंत चालल्या. दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, त्यांनी पहिला क्रमांकही घेतला. आधी शेवटपर्यंत चालणे आणि मग वेग, हा क्रम मला फार आवडतो.

आता आपल्याकडच्या कामाकडे वळू. एखादा गृहस्थ म्हणतो, गाडी ओढत नाही, ताकद वाढवून द्या. शंभरातल्या बहुतेक गाड्यांना ताकद वाढविण्याची गरजच नसते. कारखान्याने दिलेली ताकद कोठे गळते आहे तेवढे शोधावयाचे असते. ब्रेकचे शू ड्रमला घासत राहतात. चेन सुकलेली असते. चाकांत हवा कमी असते. क्लचच्या प्लेटा घसरतात, म्हणजे इंजिन फिरते आणि गाडी मागे राहते. व्हॉल्व्हचे अंतर बिघडलेले असते, त्यामुळे व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि दाबलेला घोट निसटतो. रिंगा झिजलेल्या असतात. एअर फिल्टर धुळीने गच्च भरलेला असतो. साडेसात घोड्यांतले दोन घोडे अशा रीतीने वाटेतच सुटून जातात आणि मालक नवे घोडे विकत घ्यावयास निघतो. एका दिवसाच्या मजुरीत हे सारे तपासून होते.

बोअर करण्याचेच उदाहरण घ्या. शंभर सी. सी. च्या या गाडीचा सिलिंडर ५० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव साडेएकोणपन्नास मिलिमीटर. झिजलेला सिलिंडर अर्धा मिलिमीटर कापून त्यात तेवढा मोठा पिस्टन बसविला, की लोक सांगत येतात, "भाऊ, गाडी उडायला लागली!" गणित करून पाहा. घोट ९७ चा ९९ सी. सी. झाला. दोन टक्के वाढ. दोन टक्क्यांनी गाडी उडत नाही. ती उडाली ती झिजेमुळे निसटणारा दाब पुन्हा कोंडला गेल्यामुळे. म्हणजे ताकद वाढली नाही, परत आली. परंतु त्यावरून काहींना वाटते की अर्ध्या मिलिमीटरने एवढे झाले तर चार मिलिमीटरने किती होईल. ५४ मिलिमीटरचा पिस्टन बसविला तर घोट ११३ सी. सी. होतो हे खरे. पण सिलिंडरची भिंत तेवढी पातळ झाली, पिस्टन जड झाला, आणि ज्या क्रँकचे वजन जुन्या पिस्टनशी तोलून ठेवलेले होते तो तोल गेला. बेअरिंग जुनेच. तेल जुन्याच मापाचे. घोट मोठा म्हणून उष्णता जास्त, आणि ती बाहेर टाकणाऱ्या पंख्या तेवढ्याच.

उष्णतेपाशी थोडे थांबावयास हवे, कारण आपला जिल्हा. पेट्रोलमध्ये जेवढी शक्ती असते तिच्यातली जेमतेम चौथाई या लहान इंजिनात कामाला लागते. उरलेली सायलेन्सरमधून आणि सिलिंडरच्या पंख्यांतून उष्णता म्हणून जाते. म्हणजे चाकाला एक घोडा जास्त द्यावयाचा तर इंजिनाला तीन घोड्यांची उष्णता जास्त सोसावी लागते. पुण्यात किंवा जपानात ती सोसली जाईल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. पंख्यांना लागणारी हवाच पोळलेली असते. शिवाय तापलेली हवा विरळ. डिसेंबरातल्या सकाळच्या १५ अंशांच्या हवेच्या मानाने ४५ अंशांच्या हवेत तेवढ्याच घोटात नऊ-दहा टक्के प्राणवायू कमी असतो. थंडीत सकाळी गाडी सपाट्याने पळते आणि उन्हाळ्यात दुपारी कुंथते याचे कारण हे; मिस्त्रीला दोष देऊ नये. या लहान इंजिनात तेल लिटरभर किंवा त्याहूनही कमी, आणि त्या लिटरभर तेलाकडे वंगणाचे काम आहे तसेच थंडाव्याचेही. ज्याला गाडीकडून जास्त काम घ्यावयाचे आहे त्याने तेल लवकर बदलावे. अधिक गतीला अधिक वंगण आणि अधिक विसावा लागतो हे तत्त्व इंजिनाच्या बाबतीत सर्व मालकांना चटकन पटते. माणसाच्या बाबतीत ते पटविण्यासाठी आम्हांला नोटीस द्यावी लागते. असो.

माझ्या ओळखीचा एक मुलगा एका कारखान्यात कंत्राटी कामावर होता. त्याने मोठा पिस्टन बसविला, सायलेन्सरमधली जाळी काढून टाकली आणि एअर फिल्टरच्या जागी उघडी जाळीदार टोपी लावली. पंधरवडाभर तो राजा होता. मेच्या दुपारी दुसऱ्या पाळीला जाताना भर वेगात पिस्टन सिलिंडरला चिकटला, मागचे चाक जाम झाले, आणि गाडी शेतात गेली. नशिबाने हाडे शाबूत राहिली. पण आठ दिवसांच्या पाळ्या गेल्या, महिन्याच्या पगाराएवढे पैसे दुरुस्तीला गेले, आणि नऊ दिवसांनी तो फाटकावर गेला तेव्हा त्याच्या जागी दुसरा मुलगा उभा होता. त्या मुलाला काढून टाकणाऱ्या कंत्राटदाराशी आम्ही भांडलो तो भाग वेगळा. इंजिनाचे काय झाले तेवढे सांगतो. सायलेन्सर मोकळा केल्याने आणि फिल्टर उघडा टाकल्याने हवा अधिक आत जाऊ लागली, पण कार्ब्युरेटरचा जेट जुनाच होता, म्हणून पेट्रोल तेवढेच. मिश्रण पातळ झाले. पातळ मिश्रण सावकाश जळते, व्हॉल्व्ह आणि पिस्टन दोन्ही तापवीत जळते. वर आमच्या खाणींच्या रस्त्यावरची मँगनीजची काळी धूळ आणि मिलांच्या कोंड्याची राख थेट सिलिंडरमध्ये. ती धूळ तेलात मिसळली की तेलाचे पॉलिश कागद होतात. आवाज मात्र फार मोठा झाला होता, आणि आवाज म्हणजे ताकद असे कानाला वाटते.

आणखी एक गोष्ट आजच्या पेट्रोलची. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. ते उसापासून होते, मक्यापासून होते, तांदळापासूनही होते; म्हणजे धानाच्या जिल्ह्याने त्याला नावे ठेवू नयेत. इथेनॉलचा एक गुण मोठा आहे. ते दाब सोसते, अवेळी पेटत नाही. पण त्यात शक्ती पेट्रोलच्या दोन तृतीयांश; म्हणून मिश्रणाच्या लिटरमागे सहा-सात टक्के शक्ती कमी. आणि त्यात प्राणवायू आधीच असल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचे मिश्रण आपोआप थोडे पातळ होते. एप्रिल २०२० नंतरच्या नव्या नियमांच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा असते, तीही सर्व गाड्यांत सारखी हुशार नसते. ज्याची गाडी जुनी आहे आणि जो तिच्याकडून जास्त ताकद मागतो आहे, त्याने हे ध्यानात धरावे: पातळ मिश्रण त्याच्याकडे न मागता आलेले आहे. जुन्या रबरी नळ्याही तपासाव्यात.

तिसरा मार्ग अधिक फेऱ्यांचा. हा सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून शंभर ग्रॅम धरू. मिनिटाला ८००० फेऱ्यांवर तो पिस्टन वरच्या टोकाला पोचतो आणि तेथून त्याला मागे खेचून आणावे लागते, तेव्हा कनेक्टिंग रॉडवर पडणारी ओढ दोन क्विंटलांहून अधिक असते. दोन क्विंटल! मिलमधला हमाल एका वेळी जेवढे उचलतो त्याच्या किती पट झाले हे तुम्हीच मोजा. आणि ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. फेरे वीस टक्के वाढविले तर ओढ वीस टक्के वाढत नाही, चव्वेचाळीस टक्के वाढते. दोनचे तीन क्विंटल होतात. ती मिनिटाला ९६०० वेळा पडते. कारखान्याच्या विजेच्या डबीत फेऱ्यांना जी मर्यादा घातलेली असते ती काढून देणारे लोक आहेत. ती मर्यादा का घातली होती हे त्यांना विचारावे.

मग भरवसा न गमावता ताकद वाढत नाही काय? वाढते, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. बजाज ऑटोने २००१ साली चाकणच्या कारखान्यातून पल्सर ही मोटारसायकल काढली. तिचा सिलिंडर ५७ मिलिमीटरचा, घोट १४४ सी. सी., गाडीवर लिहिलेले १५०. ताकद सुमारे १२ अश्वशक्ती. २००३ मध्ये तीच १३ झाली. पुढे ती १५ वर गेली, तीही ९००० फेऱ्यांवर. काही वर्षांत पाव पट वाढ. यात घोट किती वाढला? सिलिंडर ५७ चा ५८ झाला, एक मिलिमीटर. घोट १४४ चा १४९. म्हणजे साडेतीन टक्के. उरलेली वाढ कोठून आली?

तिच्यातला महत्त्वाचा भाग दोन प्लगांनी दिला. तणसाच्या ढिगाला एका टोकाला आग लागली तर दुसऱ्या टोकाला पोचावयास वेळ लागतो; दोन्ही टोकांना काडी लावली तर निम्म्या वेळात ढीग पेटतो. सिलिंडरमध्ये तसेच. एकाच प्लगने पेटविले की ज्वाला पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचेतो तिकडचे मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपण होऊन भडकू पाहते. चढावर गाडी टणटण वाजते ती यामुळे, आणि तीच टणटण पिस्टनला भोक पाडते. दोन प्लग असले की ज्वालेला निम्मी वाट चालावी लागते, मिश्रण लवकर आणि सारखे जळते, आणि टणटणीला सवड मिळत नाही. मग दाब थोडा वाढविता येतो, मिश्रण पातळ ठेवूनही ताकद मिळते. म्हणजे भरवसा आणि ताकद येथे एकाच दारातून आत आली. सायलेन्सरच्या नळीला एक लहानशी डबी जोडून त्यांनी कमी फेऱ्यांवरची ओढही सुधारली. दिसावयास ती डबी अगदी क्षुल्लक. दोन प्लग ही मुळात बजाजची कल्पना नव्हे, विमानांच्या इंजिनांत ते फार पूर्वीपासून होते. परंतु लहान स्वस्त इंजिनात ते बसविण्याच्या रीतीवरून २००७ साली बजाज आणि टी. व्ही. एस. यांचा वाद मद्रासच्या हायकोर्टात गेला आणि २००९ साली सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला. एका प्लगसाठी एवढी भांडणे! पण त्यावरून त्या ज्ञानाची किंमत कळते.

माझे सांगणे एवढेच, की तीन घोडे वाढवावयास तेथे कित्येक वर्षे लागली, आणि ते करणाऱ्यांच्या हाताशी चाचणीची मंचे होती. अशा मंचावर इंजिन बांधून पूर्ण वेगात तासन्‌तास, दिवसेंदिवस फिरवितात, मग उघडून प्रत्येक भागाची झीज मोजतात, जो भाग मोडला तो बळकट करतात आणि पुन्हा फिरवितात. पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ पासून वाहन संशोधनाची संस्था आहे, ए. आर. ए. आय. म्हणून ती ओळखली जाते. तेथे किंवा तशाच मान्यताप्राप्त ठिकाणी गाडी उतरल्याशिवाय ती बाजारात येत नाही. आपला मिस्त्री हाताने त्यांच्यापेक्षा कमी कुशल नाही, हे मी कोणत्याही सभेत सांगेन. पण त्याचे चाचणी मंच म्हणजे तुमची गाडी, आणि चाचणी घेणारा स्वार म्हणजे तुम्ही.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. १९८३ साली एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाची ३५० सी. सी. ची गाडी राजदूत नावाने आणली. मूळ गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती होती. येथे पेट्रोल महाग म्हणून ती साडेतीसवर आणली, पुढे २७ वर. शौकीन अजून त्याबद्दल हळहळतात. इतकी उतरवूनही ती येथल्या गिऱ्हाइकाला परवडली नाही आणि दशक संपताना बंद पडली. शेजारी बुलेट मात्र ३४६ सी. सी. तून जेमतेम अठरा अश्वशक्ती काढीत पन्नास वर्षे जवळजवळ त्याच रूपात चालली. लिटरमागे हिशोब केला तर बुलेटचे ५२ घोडे, शंभर सी. सी. च्या होंडाचे ७५ च्या आसपास, १५ अश्वशक्तीच्या पल्सरचे शंभर. हा आकडा जितका चढतो तितके धातू, तेल, कारागिरी सारे अधिक चांगले लागते. ज्याला खरोखर जास्त ताकद हवी आहे त्याने लहान इंजिनाला चाबूक मारण्यापेक्षा मोठे इंजिन आरामात चालवावे. जुन्या शंभरात ओतावयाचे पैसे बाजूला टाकून सुस्थितीतली सव्वाशेची जुनी गाडी घेतलेली बरी. शौकिनांना हा सल्ला फिका वाटतो, पण पाळीवर जाणाऱ्यांपैकी ज्यांनी तो मानला त्यांच्याकडून मला तक्रार आलेली नाही.

ब्रेकविषयी दोन वाक्ये. ताशी ६० वरून ७५ वर गेलात तर गाडीच्या अंगातला जोर दीडपटीहून अधिक वाढतो, आणि तो जिरवावयाचा त्याच लहानशा ड्रमने. ताकद वाढविणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाने त्याच दिवशी ब्रेकही सुधारून मागितलेला मी पाहिला नाही.

कायद्याचेही सांगणे माझे काम आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे आहे, की नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या कारखान्याच्या तपशिलाहून वेगळा फेरफार गाडीत करता येत नाही. इंजिनाची घनक्षमता त्या पुस्तकात लिहिलेली असते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिले गेले. त्यान्वये असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाचे एक वेळ सोडा. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसाने इंजिन उघडून ५४ चा पिस्टन पाहिला, तर तो भरपाई अडवावयास ते कारण पुढे करील. घरातला कर्ता माणूस गेल्यावर त्या कागदासाठी हेलपाटे घालणाऱ्या बायाबापड्यांबरोबर मी कोर्टात बसलेलो आहे.

राहता राहिला एक उपाय, ज्यात इंजिनाला हात लागत नाही. पुढे चेनचे जे लहान दातेरी चाक असते, आपले मिस्त्री त्याला चेनसॉकेट म्हणतात, ते समजा १४ दातांचे आहे. त्या जागी १३ दातांचे बसविले तर प्रत्येक गिअरमध्ये ओढ सात-आठ टक्क्यांनी वाढते आणि तितकाच वेग कमी होतो. ताकद तेवढीच राहते, तिची वाटणी बदलते. ओझे वाहणाऱ्याला हे उपयोगी, महामार्गावर लांब जाणाऱ्याला नाही. बसविताना चेन आणि दोन्ही चाके एकत्रच बदलावीत, नाहीतर जुनी चेन नवे दात खाऊन टाकते. लाखनीकडचे एक दूधवाले काका दोन्ही बाजूंना भरलेल्या कॅन लटकावून रोज चिखलाच्या पांदणीतून डांबरी रस्त्याला येतात. त्यांची गाडी पांदणीत दर वेळी मरत असे, क्लच जळत असे. त्यांनी मागच्या पावसाळ्याच्या तोंडी १३ चे चाक बसविले. पावसाळाभर गाडी मेली नाही, क्लचही टिकला. पण डांबरी रस्त्यावर इंजिन फार ओरडते अशी त्यांची तक्रार होती, आणि पेट्रोलही थोडे जास्त लागू लागले. मी म्हटले, काका, ओरडणारच. त्यांनी दिवाळीनंतर पांदण सुकली तेव्हा जुने चाक परत बसविले, आणि १३ चे चाक तेल लावून कापडात गुंडाळून फळीवर ठेवून दिले आहे. आता मृग लागला की ते पुन्हा काढतील.